बोअरमधल्या पाण्याच्या आणि वायूच्या चाचण्या: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्या, खारघर-उलव्याच्या साइटवरचे इंजिनिअर, पायलिंगचे ठेकेदार आणि भूशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल, आणि जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. अहवालाच्या शेवटच्या रकान्यातल्या आकड्यापेक्षा त्यामागचा दाब आणि वेळेचा आलेख मला जास्त मोलाचा वाटतो. बहुतेक उत्तरांमध्ये माझा आग्रह त्याचाच आहे.

१. बोअर घेऊन त्यात पाणी सोडतात. याने खडकाबद्दल नेमकं काय कळतं?

खडकातून पाणी किती सहज वाहतं आणि खडक किती पाणी साठवतो, हे दोन गुणधर्म प्रामुख्याने कळतात. बोअरच्या ठरावीक तुकड्यात दाब वाढवायचा किंवा कमी करायचा, किती पाणी आत गेलं किंवा बाहेर आलं ते मोजायचं, आणि दाब पूर्ववत व्हायला किती वेळ लागला ते पाहायचं. प्रत्यक्ष मोजमाप फक्त दाब, प्रवाह आणि वेळ यांचं होतं. बाकी सगळं गणिताने काढलेलं अनुमान असतं, आणि प्रत्येक अनुमानामागे "पाणी सगळीकडे सारखं पसरतं" यासारखं एखादं गृहीतक असतं.

पारगम्यता, म्हणजे खडक आरपार जायला किती वाट देतो, हा निव्वळ खडकाचा गुण आहे. जलवाहकता म्हणजे त्यातून पाणी किती सहज वाहतं त्याचं माप, आणि तिच्यात खडक आणि पाणी दोन्ही येतात. पाणी २० अंशांऐवजी ३० अंशांचं असेल तर ते जास्त पातळ होतं आणि त्याच खडकाची जलवाहकता सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. ठाण्यातल्या भूजलाचा हिशोब थंड देशातल्या कोष्टकावरून केला तर फरक पडतो तो इथे. वायूच्या चाचणीत (प्रश्न ११ पासून पुढे) हा भेद फारच महत्त्वाचा ठरतो.

२. बोअरवाल्याने "दोन इंच पाणी लागलं" असं सांगितलं. मग वेगळी चाचणी कशाला?

व्ही-नॉचच्या, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेल्या पाटीवरून पडणाऱ्या पाण्याची उंची दोन इंच, असा त्याचा अर्थ असेल तर ९० अंशांच्या खाचेसाठी तो प्रवाह साधारण सेकंदाला ०.८ लिटर, म्हणजे तासाला २,९०० लिटरच्या आसपास होतो. काही ठिकाणी "इंच" पाइपच्या मापावरून सांगतात, तेव्हा आधी ते विचारून घ्या.

हा आकडा उपयोगी आहे, पण तो कॉम्प्रेसरच्या हवेने उडवलेल्या पाण्याचा आहे, आणि तोही थोड्या वेळापुरता. त्यात भेगांमध्ये आधीपासून साचलेलं पाणीही येतं. पाणीपातळी किती खाली गेल्यावर हा प्रवाह मिळाला ते माहीत नसतं, आणि पातळीची घट माहीत नसेल तर खडकाचा गुणधर्म काढता येत नाही. सोसायटीला खरा प्रश्न असतो मे महिन्याचा. त्याचं उत्तर प्रश्न १० मध्ये आहे.

३. आमच्या साइटच्या अहवालात 'ल्युजॉन' असा रकाना आहे. तो आकडा येतो कसा?

मॉरिस ल्युजॉन या स्विस भूशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये धरणांच्या पायासाठी ही पद्धत मांडली. बोअरचा एक तुकडा, बहुधा ३ ते ५ मीटर लांबीचा, फुगणाऱ्या रबरी पॅकरने वेगळा करतात आणि त्यात दाबाने पाणी सोडतात. १० बार जादा दाबाला दर मीटर लांबीतून मिनिटाला १ लिटर पाणी गेलं तर तो १ ल्युजॉन. दाब १० बार नसेल तर प्रमाणात हिशोब करतात. उदाहरणार्थ ३ मीटरच्या तुकड्यात ५ बारला मिनिटाला १२ लिटर गेले, तर मीटरमागे ४ लिटर आणि १० बारला ८ लिटर, म्हणून ८ ल्युजॉन.

ढोबळमानाने १ ल्युजॉन म्हणजे सेकंदाला १.३ गुणिले दहाचा उणे सातवा घात मीटर इतकी जलवाहकता. १ ल्युजॉनच्या आतला खडक घट्ट समजतात. भारतात या चाचणीची रीत आयएस ५५२९ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात दिलेली आहे. पहिला भाग मातीच्या थरांसाठी आहे. अहवालात मुरुमाच्या थरातही ल्युजॉन लिहिलेला दिसला तर जरूर शंका विचारा.

४. गेजवर ५ बार दिसत होते, हिशोबात वेगळाच दाब धरला आहे. हा घोळ आहे का?

घोळ नाही, तसंच करायला हवं. खडकाला जाणवणारा दाब म्हणजे गेजचा दाब, अधिक गेजपासून भूजल पातळीपर्यंतच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब, वजा पाइपमधल्या घर्षणाने गेलेला दाब. गेज जमिनीपासून १ मीटर वर आणि पाणी जमिनीखाली ४ मीटरवर असेल, तर जवळपास अर्धा बार वाढतो. पाइप बारीक आणि प्रवाह मोठा असेल तर घर्षणात बराच दाब जातो, म्हणून जास्त पाणी पिणाऱ्या तुकड्यांत ही वजाबाकी विसरली की खडक आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो. उत्तम मार्ग म्हणजे दाबमापक सेन्सर थेट चाचणीच्या तुकड्यात उतरवणं. तसं केलं की ही सारी दुरुस्तीच लागत नाही.

५. एकाच दाबाला चाचणी करून चालत नाही का? पाच टप्पे कशासाठी?

चालत नाही. पाच टप्प्यांची चाचणी हेच या पद्धतीचं मर्म आहे. दाब कमी, मध्यम, जास्त, पुन्हा मध्यम, पुन्हा कमी असा चढवून उतरवतात आणि प्रत्येक टप्पा साधारण १० मिनिटं ठेवतात. पाच टप्प्यांचे पाच ल्युजॉन शेजारी शेजारी मांडले की खडक कसा वागला ते दिसतं. हूल्स्बी यांनी १९७६ मध्ये हे अर्थ पद्धतशीर मांडले, आणि आजही तेच वापरतात.

पाचही आकडे जवळपास सारखे असतील तर प्रवाह संथ आणि सुरळीत आहे, सरासरी घ्या. सर्वांत जास्त दाबाला ल्युजॉन कमी झाला आणि उतरताना परत वाढला, तर भेगेत प्रवाह खळाळता होतो आहे. अशा वेळी जास्त दाबाचा आकडा घेतात. उलट, जास्त दाबालाच ल्युजॉन एकदम वाढला आणि दाब उतरल्यावर पूर्ववत झाला, तर पाण्याने भेग तात्पुरती उघडली. तिथे कमी किंवा मध्यम दाबाचा आकडा खरा. टप्प्यागणिक ल्युजॉन वाढतच गेला आणि दाब उतरल्यावरही खाली आला नाही, तर भेगेतली माती धुऊन निघाली, तेव्हा शेवटचा, म्हणजे सर्वांत मोठा आकडा घेतात. टप्प्यागणिक कमी होत गेला तर पोकळी भरत गेली किंवा भेग बुजली, आणि तिथेही शेवटचा आकडा.

एकाच दाबाची चाचणी केली असती तर या पाच वेगवेगळ्या खडकांचा एकच आकडा निघाला असता. धुऊन निघणारी भेग धरणाखाली किंवा बोगद्यावर असणं आणि खळाळता प्रवाह असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून अहवालात पाचही आकडे नसतील तर ते मागून घ्या.

दाब किती चढवायचा याचीही मर्यादा असते. दर मीटर खोलीला सुमारे ०.२३ बार हा जुना सावध नियम आहे. २० मीटर खोलीवर तो ४.५ बारच्या आसपास येतो. त्याहून बराच वर गेलात तर आपणच खडक उचलू लागतो.

६. कोअर बॉक्समध्ये खडक अखंड दिसतो, आरक्यूडी ९० च्या वर आहे, तरी १६ ल्युजॉन कसे?

कोअर बॉक्स म्हणजे बोअरमधून काढलेले खडकाचे नळकांडे तुकडे ठेवलेली पेटी. तिथे खडक अखंड दिसला तरी पाणी जायला एकच भेग पुरते. समांतर भिंतींच्या भेगेतून जाणारा प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.१ मिलिमीटर रुंदीची एकच सलग भेग ३ मीटरच्या तुकड्यात असली तर सुमारे २ ल्युजॉन येतात. तीच ०.२ मिलिमीटर झाली की आठपट, म्हणजे १६ च्या आसपास. आरक्यूडी म्हणजे १० सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची टक्केवारी. त्यात भेगा किती आहेत याचा अंदाज येतो, त्या किती रुंद आहेत आणि दूरवर कशाला जोडलेल्या आहेत हे कळत नाही.

आधी मात्र पॅकर गळत नव्हता ना, हे तपासा. चाचणी चालू असताना पॅकरच्या वरच्या भागातली पाणीपातळी चढत असेल, तर पाणी खडकात जात नसून पॅकरला वळसा घालून वर येत आहे. चांगली टोळी ही पातळी सतत नोंदवते.

७. आपल्या भागातल्या खडकात काय वेगळं पाहावं लागतं?

ठाणे आणि नवी मुंबई दख्खनच्या बेसाल्टवर वसलेली आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट काळा कातळ असतो, आणि वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने तो सच्छिद्र असतो. गावाकडे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो याच प्रकारातला. दोन थरांच्या मध्ये कधी तांबडा मातकट थर सापडतो, त्याला रेड बोल म्हणतात.

याचे परिणाम चाचणीत थेट दिसतात. मांजऱ्या खडकात छिद्रं भरपूर असली तरी ती झिओलाइट किंवा कॅल्साइट या खनिजांनी भरलेली असतात आणि एकमेकांना जोडलेली नसतात. म्हणून सच्छिद्रता जास्त आणि पारगम्यता कमी, असं वरकरणी विसंगत उत्तर येतं, आणि ते बरोबर असतं. पाणी खरं वाहतं ते दोन थरांच्या सांध्यातून, कुजलेल्या वरच्या पट्ट्यातून आणि भेगांतून. रेड बोल स्वतः पाणी अडवतो, पण पाच टप्प्यांच्या चाचणीत तो धुऊन निघतो आणि प्रश्न ५ मधला वाढत जाणारा क्रम दिसतो. त्यामुळे पॅकर कधीही रेड बोलवर बसवू नका. वर किंवा खाली, घट्ट कातळावर बसवा.

दुसरी गोष्ट भेगांच्या दिशेची. लाव्हा थंड होताना पडलेले खांबासारखे सांधे उभे असतात, आणि आपला बोअरही उभा असतो. दोन समांतर गोष्टी एकमेकांना क्वचितच भेटतात. पारसिकच्या डोंगरात किंवा येऊरच्या बाजूला बोगद्यासाठी चाचण्या करताना फक्त उभे बोअर घेतले तर उभ्या सांध्यांचं पाणी मोजलंच जात नाही. काही बोअर तिरके हवेतच. शिवाय पनवेल फ्लेक्शर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात लाव्हाचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत आणि त्यांना छेदत उभ्या डाइक, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती, गेल्या आहेत. डाइक कधी पाण्याला आडवा बांध घालते, तर कधी तिच्या कडेच्या तडकलेल्या पट्टीतून पाणी धावतं. उपसा चाचणीत पातळी मध्येच जोरात घसरू लागली तर अशा बांधाचा संशय घ्यायचा.

हे प्रश्न अलीकडे जास्त येतात याचं कारण उघड आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा बोगदा २१ किलोमीटरचा, आणि त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. खाडीच्या चिखलाखाली कुजलेला खडक आणि त्याखाली बेसाल्ट, असा क्रम असताना वरचं पाणी किती जोराने खाली येईल हे फक्त अशा चाचण्यांतूनच कळतं.

८. स्लग चाचणी आणि पल्स चाचणी यात फरक काय? आमच्याकडे स्लग चाचणी दोन दिवस चालली तरी पातळी उतरली नाही.

स्लग चाचणीत उघड्या पाइपमध्ये एकदम पाणी ओततात, किंवा भरीव दांडा बुडवून पातळी चढवतात, आणि ती किती वेळात उतरते ते पाहतात. पल्स चाचणीत तुकडा पॅकरने आणि झडपेने पूर्ण बंद करून त्याला दाबाचा क्षणिक धक्का देतात. गणित जवळपास एकच. खडकाने किती पाणी प्यायल्यावर दाब उतरतो, यात मात्र प्रचंड फरक आहे.

हिशोब करून पाहा. ५० मिलिमीटर व्यासाचा उभा पाइप, ३ मीटरचा तुकडा आणि ७६ मिलिमीटरचा बोअर. सुरुवातीच्या उंचीच्या ३७ टक्के उरायला २० मिनिटं लागली, तर ह्वोर्स्लेव्ह यांच्या १९५१ च्या सूत्राने जलवाहकता सेकंदाला सुमारे ३.८ गुणिले दहाचा उणे सातवा घात मीटर येते, म्हणजे जवळपास ३ ल्युजॉन. आता खडक घट्ट घ्या, जलवाहकता दहाचा उणे अकरावा घात. त्याच पाइपमध्ये तेवढीच पातळी उतरायला सुमारे दीड वर्ष लागेल. तुकडा बंद करून पल्स दिला तर पाण्याच्या दबण्याइतकंच पाणी खडकात जायचं असतं, आणि तेच काम आदर्श स्थितीत अर्ध्या तासाच्या आत होतं. पॅकरचं रबर स्वतः थोडं दबतं, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ काही पटींनी वाढतो. रबराचं हे दबणं आधी केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या पोलादी नळीत, मोजून ठेवायला हवं.

तुमच्या दोन दिवसांचा अर्थ चाचणी फसली असा नाही. खडक त्या पद्धतीच्या मानाने फार घट्ट आहे. मात्र पल्सचा एक तोटा लक्षात ठेवा: तो बोअरच्या भिंतीलगतचा जेमतेम काही सेंटिमीटर ते काही डेसिमीटर खडक पाहतो. ड्रिलिंगने भिंत बुजली किंवा तडकली असेल तर तेच मोजलं जाईल (प्रश्न १५).

९. अहवालात तीन ठिकाणी "शून्य ल्युजॉन" लिहिलं आहे. म्हणजे खडक जलाभेद्य आहे का?

नाही. फ्लो मीटरला दिसण्याइतकं पाणी गेलं नाही, एवढाच अर्थ. मीटर मिनिटाला अर्ध्या लिटरखाली वाचत नसेल, तर ३ मीटरच्या तुकड्यात ५ बारला ०.३३ ल्युजॉनपर्यंतचं काहीही शून्यच दिसेल. तिथे "०.३३ पेक्षा कमी" असं लिहायला हवं. त्याहून बारीक माप हवं असेल तर पल्स करा.

१०. सोसायटीच्या बोअरची उपसा चाचणी किती तास करावी आणि त्यातून काय मिळतं?

पंप ठरावीक प्रवाहाला चालवायचा, पातळी लॉगच्या अंतराने, म्हणजे सुरुवातीला भराभर आणि मग विरळ होत जाणाऱ्या वेळांना नोंदवायची, मग पंप बंद करून पातळी चढतानाही तितक्याच काळजीने नोंदवायची. पंप बंद झाल्यावरच्या नोंदी मला जास्त विश्वासाच्या वाटतात, कारण त्यात व्होल्टेजमुळे पंपाचा प्रवाह कमी-जास्त होण्याची भानगड नसते. मोठ्या जलधरासाठी, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाच्या थरासाठी, २४ तास किंवा अधिक लागतात. सोसायटीच्या बोअरला निदान ६ ते ८ तास उपसा आणि तितकाच चढाव असावा.

सुरुवातीच्या नोंदींवर विसंबू नका. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १८ लिटर पाणी असतं, आणि पहिली काही मिनिटं पंप तेच काढत असतो. त्यानंतर पातळी वेळेच्या लॉगवर सरळ रेषेत उतरू लागली की कूपर-जेकबची १९४६ ची पद्धत लागू पडते. सेकंदाला १ लिटर उपशाला वेळ दहापट होताना पातळी ४ मीटर उतरत असेल, तर पारवाहिता (जलवाहकता गुणिले थराची जाडी) दिवसाला सुमारे ४ चौरस मीटर. बेसाल्टच्या मानाने ते साधारणच.

साठवण-गुणांक, म्हणजे खडक किती पाणी साठवतो त्याचं माप, मात्र उपसल्या जाणाऱ्या त्याच बोअरवरून विश्वासाने काढता येत नाही. त्यासाठी शेजारचा निरीक्षण बोअर हवा. शेजारच्या सोसायटीचा बोअर चालत असेल तर सचिवांना विनंती करून त्यांचा पंप तेवढा वेळ बंद ठेवायला सांगा आणि त्यांच्या बोअरमध्ये पातळी मोजा. दोन्ही सोसायट्यांचा फायदा आहे. चाचणी एप्रिल-मेमध्ये करा. ऑगस्टमधली चाचणी पावसाने भरलेल्या वरच्या कुजलेल्या पट्ट्याची असते. उन्हाळ्यात तो पट्टा कोरडा पडला की तीच पारवाहिता उरत नाही.

११. पाणी असताना वायूने चाचणी कशाला करतात?

तीन कारणं. एक, काही कामांत खडकातून वायूच जाणार असतो. किरणोत्सारी कचऱ्याच्या खोल साठ्यात धातू गंजून हायड्रोजन तयार होतो, जमिनीखाली कार्बन डायऑक्साइड साठवतात, पेट्रोलियम वायू गुहेत ठेवतात. दोन, पाण्याच्या पातळीच्या वरचा खडक कोरडा असतो आणि तिथे हवेनेच चाचणी सोयीची. तीन, पाणी लागताच फुगणाऱ्या चिकणमातीच्या खडकात पाण्याची चाचणी खडकालाच बदलून टाकते.

वायूला पाण्याने भरलेल्या खडकात शिरायलाच आधी एक उंबरठा ओलांडावा लागतो. सुक्या मलमलच्या फडक्यातून फुंकर सहज आरपार जाते, तेच भिजवलं की जोर लावावा लागतो. भेग जितकी बारीक तितका उंबरठा मोठा. ०.१ मिलिमीटरच्या भेगेला १५ सेंटिमीटर पाण्याचा दाब पुरतो, एक मायक्रॉनच्या भेगेला सुमारे १.४ बार लागतात, आणि दशांश मायक्रॉन त्रिज्येच्या छिद्राला १४ बार. हा उंबरठा कळणं हाच कित्येकदा चाचणीचा मुख्य हेतू असतो. बंद तुकड्यात वायू ठरावीक गतीने भरत गेलं की दाब सरळ रेषेत चढतो. ती रेषा जिथे वाकते तिथे वायू खडकात शिरला.

१२. त्याच बोअरमध्ये वायूची पारगम्यता पाण्यापेक्षा वेगळी आली. खरी कोणती?

दोन्ही खऱ्या असू शकतात, पण आधी हिशोब तपासा. नायट्रोजन पाण्याच्या साधारण पन्नासाव्या भागाइतकाच चिकट असतो, आणि वायू दबतो म्हणून त्याचा प्रवाह दाबांच्या वर्गांच्या फरकावर चालतो. पाण्याचं सूत्र वायूला लावलेलं असेल तर तुलना तिथेच संपली.

हिशोब बरोबर असेल तर वायूचा आकडा मोठा येण्याचं नेहमीचं कारण क्लिंकेनबर्ग परिणाम. अतिबारीक छिद्रांत वायूचे रेणू भिंतीवरून घसरत पुढे जातात, आणि दाब जितका कमी तितकं हे घसरणं जास्त. १९४१ मध्ये मांडलेला उपाय आजही तोच आहे: निरनिराळ्या सरासरी दाबांना चाचणी करा, दाबाच्या व्यस्तावर पारगम्यता मांडा आणि रेषा शून्यापर्यंत वाढवा. भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये हा परिणाम नगण्य असतो. घट्ट कातळाच्या कोअरवर प्रयोगशाळेत तो ठळक दिसतो.

वायूचा आकडा लहान आला तर खडकाच्या काही छिद्रांत पाणी बसलेलं आहे आणि वायूला उरलेली वाटच मिळते. ही सापेक्ष पारगम्यता पाण्याच्या प्रमाणानुसार बदलते, म्हणून तिचा एक आकडा नसतो, वक्र असतो. ब्रूक्स-कोरी (१९६४) किंवा व्हॅन गेनुख्टेन (१९८०) यांची सूत्रं त्यासाठी वापरतात. क्रम नेहमी आधी पाणी, मग वायू असा ठेवा. आधी वायू सोडला तर त्याचे बुडबुडे अडकून राहतात आणि नंतरच्या पाण्याच्या चाचणीत खडक खोटाच घट्ट भासतो.

१३. वायूच्या चाचण्या आपल्याकडे प्रत्यक्षात कुठे लागतात?

नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात एखाद्या आवारात सॉल्व्हेंट किंवा इंधन जमिनीत मुरलं असेल, तर त्याची वाफ ब्लोअरने ओढून काढण्याआधी हवेची पारगम्यता मोजतात. एका बोअरला निर्वात लावायचा आणि आजूबाजूच्या बोअरमध्ये तो किती अंतरापर्यंत जाणवतो ते पाहायचं. पावसाळ्यात जमीन भिजलेली असताना ही चाचणी निरुपयोगी.

देशात मोठं उदाहरण विशाखापट्टणमच्या भूमिगत एलपीजी गुहेचं आहे. ती २००७ मध्ये सुरू झाली. अशा गुहेत भोवतालच्या खडकातलं पाणी वायूला आत कोंडून ठेवतं, म्हणून आधी पाण्याच्या चाचण्या आणि शेवटी हवेच्या दाबाने गळती तपासणी, अशी दोन्ही कामं होतात. बेसाल्टपुरतं पाहायचं तर आइसलँडमधल्या कार्बफिक्स प्रकल्पाने दाखवलं की पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडलेला कार्बन डायऑक्साइड दोन वर्षांत बहुतांश दगडात रूपांतरित झाला. दख्खनच्या बेसाल्टकडे याच दृष्टीने पाहणारे विद्यार्थी बरेच लिहितात. माझं त्यांना सांगणं एवढंच, की पहिला प्रश्न रसायनाचा नाही. किती वायू शिरेल आणि वरचा थर त्याला किती दाबाला अडवेल, हा आधीचा प्रश्न आहे, आणि तो बोअरमध्येच सुटतो.

१४. आमची साइट वाशीला खाडीलगत आहे. चाचणी चालू असताना पातळी आपोआप वरखाली होत होती. काय करावं?

भरती-ओहोटी. ती दिवसात दोनदा येते आणि खडकातल्या पाण्यावर तिचा दाब पोचतो. चाचणीआधी किमान एक-दोन दिवस नुसती पातळी नोंदवा, शक्य असल्यास खाडीची पातळीही. मग तो चढउतार चाचणीच्या नोंदींतून वजा करा. भरतीची लाट बोअरपर्यंत किती क्षीण होऊन आणि किती उशिराने पोचते, यावरून खडकाची वाहकता आणि साठवण यांचं गुणोत्तरही काढता येतं. ही एक फुकट मिळालेली चाचणीच आहे, ती वाया घालवू नका.

खारं पाणी जड असतं हेही धरा. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्याचा २० मीटरचा स्तंभ गोड्या पाण्याच्या साडेवीस मीटरइतका दाब देतो.

१५. सॉफ्टवेअरने वक्र अगदी तंतोतंत जुळवला. मग उत्तर पक्कं समजायचं ना?

नाही. वक्र जुळणं ही किमान अट आहे. एकाच वक्राला दोन वेगळी उत्तरं सारखीच जुळू शकतात: पारगम्य खडक पण बोअरची भिंत चिखलाने बुजलेली, किंवा मुळातच कमी पारगम्य खडक आणि भिंत स्वच्छ. भिंतीलगतच्या या बदलाला स्किन म्हणतात. साठवण आणि स्किन यांचंही असंच गुळपीठ असतं. बेंटोनाइट (ड्रिलिंगसाठीची फुगणारी चिकणमाती) वापरून घेतलेल्या बोअरमध्ये तर हा संशय घ्यायलाच हवा, म्हणून चाचणीच्या बोअरमध्ये ड्रिलिंग स्वच्छ पाण्यानेच करून घ्या.

यावर उपाय तीन. पहिला, एकाच तुकड्यावर पल्स, स्थिर दाबाचा टप्पा आणि चढाव अशा वेगवेगळ्या चाचण्या करून सगळ्या मिळून एकाच उत्तराने जुळवायच्या. दुसरा, दाबाच्या बदलाचा दर लॉग-लॉग कागदावर मांडायचा. तो सपाट झाला तर प्रवाह बोअरभोवती वर्तुळाकार आहे, अर्ध्या उताराने चढला तर एखाद्या भेगेच्या बाजूने सरळ येत आहे. बार्कर यांनी १९८८ मध्ये प्रवाहाची मिती, म्हणजे पाणी सरळ रेषेत, वर्तुळाकार की चहूबाजूंनी येतं त्याचा आकडा, ही कल्पना मांडल्यापासून तिलाही एक अज्ञात मानून शोधता येतं. तिसरा, शोध एकाच ठिकाणाहून न करता शेकडो वेगवेगळ्या सुरुवातींपासून करायचा आणि उत्तरं कुठे कुठे जाऊन थांबतात ते पाहायचं. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेचा एनसाइट्स हा प्रोग्रॅम पाण्याच्या आणि वायूच्या दोन्ही चाचण्यांसाठी हेच करतो. उत्तरं एका ठिपक्याभोवती गोळा झाली तर तो गुणधर्म चाचणीने खरंच पकडला. लांबट पट्ट्यात पसरली तर दोन गुणधर्म एकमेकांत अडकले आहेत, आणि अहवालात पट्टाच द्यायला हवा.

१६. पाच तुकड्यांचे ०.५, १, २, ३ आणि ४० ल्युजॉन आले. सरासरी ९.३ धरू का?

खडकाच्या एका मोठ्या पट्ट्याची एकूण वाहकता हवी असेल तर गुणोत्तर मध्य (पाचही आकड्यांच्या गुणाकाराचं पाचवं मूळ) घ्या, तो २.६ येतो. बोगद्यात किती पाणी येईल किंवा ग्राउटिंग (भेगांत सिमेंट भरणं) कुठे करायचं हे ठरवायचं असेल तर दोन्ही सरासऱ्या बाजूला ठेवा. तिथे ४० हाच निर्णायक आकडा आहे. तो कोणत्या खोलीवर, कोणत्या भेगेमुळे आला ते कोअर बॉक्स उघडून शोधा.

१७. वायूच्या चाचणीत काय काळजी घ्यायची?

नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. खोदलेल्या खड्ड्यात किंवा शाफ्टमध्ये तो गळला तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. ऑक्सिजन मीटरशिवाय खड्ड्यात कोणालाही उतरू देऊ नका, आणि खाली कोणी पडलेला दिसला तर वाचवायला धावत खाली उतरू नका, आधी हवा खेळती करा. खाडीच्या गाळाखालच्या बोअरमधून मिथेनही येऊ शकतो, म्हणून बोअरच्या तोंडाशी बिडी-सिगारेट, वेल्डिंग बंद.

मोजमापाच्या बाजूने तापमानाकडे लक्ष द्या. ३ अंशांच्या फरकाने बंद वायूचा दाब १ टक्क्याने बदलतो. दुपारच्या उन्हात तापलेल्या नळीमुळे घट्ट खडकही गळका किंवा उलट भासतो. नळ्या सावलीत ठेवा आणि तुकड्यात वायूची जागा जमेल तितकी कमी ठेवा, कारण १० बारला वायू पाण्याच्या सुमारे दोन हजार पट दबतो.

१८. जुन्या बोअरचा फक्त छापील अहवाल आहे, मूळ नोंदी नाहीत. त्याचा उपयोग करावा का?

खोली, तुकड्याची लांबी, पाणीपातळी आणि पाचही टप्प्यांचे दाब-प्रवाह छापलेले असतील तर पुन्हा हिशोब करता येतो, जरूर वापरा. फक्त अंतिम आकडा असेल तर तो नवे बोअर कुठे घ्यायचे हे ठरवण्यापुरता धरा, डिझाइनमध्ये नको. आणि नवं काम देताना कंत्राटात स्पष्ट लिहून घ्या की सेन्सरच्या सेकंदागणिक नोंदी, पॅकरचा दाब, पॅकरच्या वरची पातळी, गेजचं कॅलिब्रेशन आणि कोअरचे फोटो हे सगळं फाइलच्या रूपात मिळाल्यावरच शेवटचं बिल निघेल.